परक्या भाषेंतील करपत्रक

करपत्रक म्हणजे सरकारनें नागरिकाला घातलेलें कोडें, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तें नागरिकानें सरकारपुढें केलेलें निवेदन आहे. गेल्या वर्षीं आपल्याला किती मिळालें, त्यांतून किती खर्ची पडलें, मागें किती उरलें आणि त्या उरलेल्या रकमेवर किती कर होतो, हें ज्याचें त्यानेंच सांगावयाचें आणि तें खरें असल्याची ग्वाहीहि त्यानेंच द्यावयाची, हा आधुनिक आयकराचा पाया होय. परंतु हें निवेदन ज्या भाषेंत करावयाचें ती भाषाच निवेदन करणाराला वाचतां येत नसेल, तर त्या ग्वाहीला अर्थ कोणता राहिला?

हा प्रश्न केवळ तर्काचा नाहीं. वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट, आर्वी, देवळी, पुलगांव अशा गांवांत स्वतःच्या हिंमतीवर पोट भरणारीं कितीतरी माणसें आहेत. कोणी वीजजोडणीचें काम करतो, कोणी घरें रंगवितो, कोणी लग्नसमारंभाचीं छायाचित्रें काढतो, कोणी जिनिंग कारखान्याला मजूर पुरवितो. नोकरदाराचा हिशेब त्याची कचेरी ठेवते, कर कापते आणि वर्षअखेर दाखला हातांत देते. या स्वतंत्र कारागिराला असा कारकून नाहीं. मालक तोच, मजूर तोच आणि कारकूनहि तोच. त्याला मराठी अडखळत वाचतां येतें, मोबाइलवरचे आंकडे ओळखतां येतात, हिशेब तर तोंडपाठ असतो. मात्र करपत्रक संगणकावर भरावयाचें असतें, आणि त्याचे रकाने इंग्रजी असतात.

आयकर या देशांत प्रथम आला तो १८६० सालीं. १८५७ च्या उठावानंतर तिजोरींत पडलेली तूट भरून काढण्यासाठीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांतील अर्थसभासद जेम्स विल्सन यांनीं तो बसविला. पुढें १८८६, १९२२ आणि १९६१ या सालांचे कायदे झाले. या दीर्घ काळांत आयकर हा सावकार, व्यापारी, वकील आणि वरिष्ठ नोकर यांचाच विषय राहिला, आणि त्यांच्या दारीं इंग्रजी जाणणारा मुनीम अथवा वकील असेच. लहान कारागिराची आणि या खात्याची गांठ पडण्याचें कारण नव्हतें.

ती गांठ पडली दोन कारणांनीं. पहिलें कारण म्हणजे टीडीएस. काम करून घेणारानें मजुरीची रक्कम देतांनाच तींतून ठराविक टक्के कापून सरकारांत भरावयाचे, अशी ही पद्धति आहे. तिच्यामुळें ज्याला कर मुळींच लागू नाहीं अशाहि माणसाचा पैसा आधीं सरकारकडे जातो. दुसरें कारण म्हणजे कागदाचें उच्चाटन. विवरणपत्र आतां सामान्यतः संकेतस्थळावरच भरावें लागतें. सध्यांचें संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजीं सुरू झालें. पूर्वीं कचेरींतील एखादा ओळखीचा कारकून बोट ठेवून 'येथें सही कर' असें सांगे. आतां समोर कांच असते, आणि कांचेला प्रश्न विचारतां येत नाहीं.

यांत कारागिराचें काय पणाला लागतें, तें आंकड्यांवरून स्पष्ट होईल. समजा, हिंगणघाटच्या एका वीज-कारागिरानें २०२५-२६ या आर्थिक वर्षांत एका कारखान्याचें काम ठेक्यानें केलें. त्याचे ६,००,००० रुपये झाले. कारखान्यानें कायद्याप्रमाणें शेंकडा १ टक्का, म्हणजे ६,००० रुपये, कापून सरकारांत भरले आणि उरलेले ५,९४,००० रुपये त्याच्या बँकखात्यांत जमा केले. याशिवाय गांवांतील घरांचीं कामें करून त्यानें रोख २,००,००० रुपये मिळविले. वर्षाची एकूण जमा झाली ८,००,०००. तारा, बटणें, मदतनिसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचा खर्च यांत ५,००,००० रुपये गेले. घरीं आले ते ३,००,०००.

या वर्षासाठीं नव्या करपद्धतींत ४,००,००० रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाहीं. म्हणजे आपल्या कारागिराला एक पैचाहि कर लागत नाहीं, आणि कापलेले ६,००० रुपये सर्वस्वीं त्याचे आहेत. मात्र ते आपण होऊन परत येत नाहींत. विवरणपत्र भरून मागावे लागतात. मूळ मुदत टळली तरी या वर्षाचें विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत उशिरानें भरतां येतें. त्यानंतर मात्र हा पैसा परत मिळविण्याची सामान्य वाट बंद होते. मुदती बदलतातहि. २०२५ सालीं ३१ जुलै ही तारीख प्रथम १५ सप्टेंबरपर्यंत आणि मग आणखी एका दिवसानें पुढें गेली. असा बदल इंग्रजी वृत्तपत्र वाचणाराला त्याच दिवशीं कळतो. हिंगणघाटच्या कारागिराला तो कळेलच असें नाहीं. पुढें घरासाठीं किंवा टेम्पोसाठीं कर्ज काढावयाचें झालें, तर बँक दोनतीन वर्षांचीं विवरणपत्रें मागते. अशा रीतीनें न वाचतां येणारा एक कागद माणसाच्या आजच्या पैशाच्या आणि उद्यांच्या पतीच्या आड येतो.

आतां हें पत्रक खरोखरच इतकें दुर्बोध आहे काय? लहान व्यावसायिकांसाठीं ठेवलेल्या विवरणपत्राला 'सुगम' असें नांव आहे. त्यामागें अंदाजी उत्पन्नाची सवलत आहे. ज्याची उलाढाल २ कोटि रुपयांच्या आंत आहे, त्यानें पै-पैची वही न दाखवितां ठराविक टक्क्यांनीं उत्पन्न सांगितलें तरी तें मान्य होतें. रोखीनें आलेल्या रकमेवर निदान ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर निदान ६ टक्के, असें हें प्रमाण आहे. आपल्या कारागिराच्या बाबतींत तें ३६,००० आणि १६,००० मिळून ५२,००० होतें. परंतु ही किमान मर्यादा होय. प्रत्यक्षांत ३,००,००० रुपये उरले असतां ५२,००० लिहिणें सचोटीला धरून नाहीं, आणि बँकेपुढें स्वतःची पत स्वतःच उणी करण्यासारखेंहि तें आहे.

सुगम पत्रकाचीं सारीं पानें बाजूला ठेवून पाहिलें, तर त्यांत मूळ प्रश्न पांचच निघतात. तूं कोण? वर्षांत तुझ्याकडे किती आलें? त्यांतून तुझें म्हणून किती राहिलें? तुझ्या नांवें आधींच किती कर भरला गेला? आणि देणें-घेणें निघाल्यास तें कोणत्या खात्यांतून व्हावें? हे पांच प्रश्न मराठींत विचारले, तर बाजाराच्या दिवशीं कापसाचा भाव तोंडीं करणारा कोणताहि वर्धेकर त्यांचीं उत्तरें बसल्या जागीं देईल. खरी अडचण हिशेबाची नसून शब्दांची आहे.

त्यांतल्या त्यांत एका जोडीनें मोठा घोटाळा होतो. एकूण जमा आणि उत्पन्न या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बोलण्यांत 'वर्षाला आठ लाखांचें काम होतें' आणि 'वर्षाला आठ लाख मिळतात' हीं वाक्यें सारख्याच अर्थानें वापरलीं जातात. पत्रकांत मात्र पहिल्या गोष्टीचा रकाना निराळा आणि दुसरीचा निराळा. जमेचा आंकडा उत्पन्नाच्या रकान्यांत पडला, तर तीन लाखांचा माणूस कागदोपत्रीं आठ लाखांचा होतो. वर्षाच्या नांवाचाहि असाच गोंधळ आजवर होत आला. २०२५-२६ मध्यें मिळविलेल्या पैशाचें विवरण २०२६-२७ या 'आकारणी वर्षा'च्या नांवाखालीं भरावयाचें, ही रीत शिकलेल्यांनाहि चकवीत असे. १ एप्रिल २०२६ हा ज्याच्या अंमलाचा पहिला दिवस, त्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यानें हीं दुहेरी नांवें काढून 'करवर्ष' हा एकच शब्द स्वीकारला. कायद्याचा शब्द सोपा केल्यानें राज्याचें कांहींहि बुडत नाहीं, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

'तूं कोण?' हा पहिला प्रश्न वरकरणीं सोपा दिसतो. परंतु महाराष्ट्रांत तोच पुष्कळदां अडवितो. एकाच माणसाचें नांव बँकेंत आडनांवापासून सुरू होतें, आधारपत्रावर स्वतःच्या नांवापासून, आणि पॅनपत्रावर वडिलांच्या नांवाचें नुसतें आद्याक्षर असतें. लग्नानंतर स्त्रियांचीं नांवें बदलतात, हा आणखी एक फेरा. यंत्राला हीं तीन माणसें वाटतात, आणि परताव्याची रक्कम अडून बसते. म्हणून कर भरण्याच्या कितीतरी आधीं हीं तिन्ही नांवें जुळवून घेणें अगत्याचें आहे. ज्याला इंग्रजी वाचतां येत नाहीं त्यानें निदान आपल्या पॅनक्रमांकाचें रूप ओळखावें. प्रथम पांच अक्षरें, मग चार आंकडे आणि शेवटीं एक अक्षर, असा तो दहा चिन्हांचा असतो. व्यक्तीच्या क्रमांकांत चौथें अक्षर 'पी' असतें, आणि पांचवें त्याच्या आडनांवाचें इंग्रजी आद्याक्षर असतें. काम देणाराने या दहांपैकीं एक चिन्ह चुकविलें, तर कापलेला कर भलत्याच्याच नांवावर जातो. क्रमांक मुळींच दिला नाहीं, तर १ टक्क्याच्या जागीं २० टक्के कापले जातात.

संकेतस्थळावर भाषा बदलण्याची सोय आहे आणि तींत मराठीहि आहे. परंतु दर्शनी पानें ओलांडून प्रत्यक्ष पत्रकाच्या रकान्यांशीं आलें कीं प्रामुख्यानें इंग्रजीशींच गांठ पडते. साहजिकच कारागीर दुसऱ्याकडे जातो. सनदी लेखापाल, करसल्लागार, सेवा केंद्राचा चालक किंवा शेजारचा कॉलेजांत जाणारा मुलगा यांपैकीं कोणाचें तरी दार तो ठोठावतो. यांत गैर असें कांहींच नाहीं. शिवणें येत नसेल त्यानें शिंप्याकडे जावें, तसेंच हें आहे. फरक एवढाच कीं, अंगरखा अंगाला बसला नाहीं हें लगेच कळतें. विवरणपत्र चुकलें हें वर्षा-दोन वर्षांनीं कळतें, आणि तेंहि नोटिशीच्या रूपानें.

ही नोटीस कोठें येते, हाच यांतील मर्माचा भाग आहे. १४ जुलै २०२५ रोजीं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानें एक निवेदन प्रसिद्ध केलें. खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणाऱ्या मध्यस्थांवर त्या दिवशीं देशांत १५० ठिकाणीं कारवाई झाली होती. असे मध्यस्थ शेंकड्यांनीं विवरणपत्रें भरण्यासाठीं तात्पुरते ईमेल पत्ते उघडतात आणि काम झालें कीं ते टाकून देतात. त्यामुळें खात्याच्या नोटिसा न वाचतांच पडून राहतात, असें त्या निवेदनांत म्हटलें होतें. त्यापूर्वींच्या चार महिन्यांत सुमारें ४०,००० करदात्यांनीं आपलीं विवरणपत्रें सुधारून १,०४५ कोटि रुपयांचे खोटे दावे मागें घेतले, असेंहि त्यांत नमूद होतें. या जाळ्यांत मोठ्या कंपन्यांतील, सरकारी खात्यांतील आणि शिक्षणसंस्थांतील नोकरदारहि सांपडले. म्हणजे इंग्रजी वाचतां येणाऱ्यांनींहि न वाचतांच सही केली होती! वाचतां न येणें ही अडचण आहे, परंतु न वाचतां मान्यता देणें ही संवय आहे, आणि ती साक्षरांतहि आहे.

कायदा या बाबतींत निष्ठुर आहे. पत्रक कोणीहि भरलेलें असो, निवेदन करदात्याचें. उत्पन्नाविषयीं खोटी माहिती दिल्याचें ठरल्यास, १९६१ च्या कायद्यान्वये, बुडविलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊं शकतो. ज्याला लिहितां येत नाहीं त्याच्यासाठीं जुन्या कायद्यानें एक सोय केली होती. कायद्यांतील सामान्य शब्दांचे अर्थ ठरविणाऱ्या १८९७ सालच्या अधिनियमांत, सही करूं न शकणाराची निशाणी ही सहीच मानली आहे. निरक्षर माणूस अंगठा उठवी तेव्हां आपण कांहींतरी कबूल करीत आहों, एवढें तरी त्याला कळत असे. आज त्या अंगठ्याची जागा मोबाइलवर येणाऱ्या सहा आंकड्यांनीं घेतली आहे. 'ओटीपी सांगा' असें समोरचा म्हणतो, आणि माणूस तो सांगून मोकळा होतो. हे सहा आंकडे म्हणजे आपली सही आहे, हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें.

उलट बाजूनेंहि फसगत होते. विवरणपत्र पाठविलें म्हणजे काम संपलें असें नाहीं. पाठविल्यापासून ३० दिवसांच्या आंत त्याची पडताळणी व्हावी लागते. ती आधारच्या ओटीपीनें होते, किंवा सही केलेली पोंच बंगळूरच्या केंद्राकडे टपालानें पाठवूनहि करतां येते. ही शेवटची पायरी राहिली, तर भरलेलें पत्रक भरल्यासारखें धरलें जात नाहीं. हातांत छापील कागद आहे, शुल्कहि दिलें आहे, आणि तरीहि सरकारच्या लेखीं कांहींच घडलेलें नाहीं, अशी चमत्कारिक स्थिति मग होते.

भाषेची ही अडचण केवळ भारतांतील आहे असें मात्र नाहीं. उद्योगानें आणि शिक्षणानें अग्रेसर असलेल्या जपानांत आज तीच अडचण मराठी माणसाला सोसावी लागते. वर्ध्याला जपानचें नांव नवें नाहीं. जपानी भिक्षु निचिदात्सु फुजी हे १९३३ सालीं महात्मा गांधींना वर्ध्यास भेटले होते, आणि गीताई मंदिराजवळचा विश्वशांति स्तूप त्या स्नेहाची आठवण देत उभा आहे. आज टोकियोच्या एदोगावा विभागांत भारतीयांची मोठी वस्ती आहे. तेथील योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ सालीं त्या विभागाच्या सभेवर निवडूनहि आले. या वस्तींतील जो माणूस नोकरी सोडून स्वतंत्रपणें भाषांतर, शिकवणी किंवा संगणकाचें काम करूं लागतो, त्याची अवस्था हिंगणघाटच्या कारागिरासारखीच होते. आपल्या देशांत तो पदवीधर असतो. जपानी करपत्रकापुढें तो अर्धसाक्षर ठरतो. कारण जपानी लेखनांत दोन अक्षरमाला आणि तिसरी चिनी चित्राक्षरें यांचें मिश्रण असतें, आणि कराचे बहुतेक शब्द या तिसऱ्या प्रकारांत येतात.

तेथील वर्ष जानेवारी ते डिसेंबर असें असतें, आणि विवरण साधारणतः १६ फेब्रुवारी ते १५ मार्च या महिनाभरांत द्यावयाचें. या विधीला 'काकुतेइ शिन्कोकु' म्हणतात. संगणकावरून तें भरण्याची 'ई-टॅक्स' ही व्यवस्था २००४ सालीं सुरू झाली. आपल्या आधारक्रमांकाप्रमाणें तेथेंहि बारा आंकडी 'माय नंबर' आहे. स्वतंत्र व्यावसायिकाच्या कित्येक प्रकारच्या मोबदल्यांतून आपल्या टीडीएसप्रमाणेंच १०.२१ टक्के कर आधीं कापला जातो, आणि जास्त कापलेला कर विवरणपत्र भरूनच परत मिळवावा लागतो. व्यावसायिकाचें पत्रक दोन रंगांनीं ओळखलें जातें, निळें आणि पांढरें. निळ्याला वह्या नीट ठेवाव्या लागतात, आणि त्या मोबदल्यांत सवलत मोठी मिळते. युद्धोत्तर काळांत कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक कार्ल शूप यांच्या मंडळानें १९४९ सालीं जी करसुधारणा सुचविली, तींतून ही निळ्या पत्रकाची पद्धति निघाली. जो हिशेब ठेवील त्याला बक्षीस, हें तिचें सूत्र आहे.

तेथील नवागताला बुचकळ्यांत टाकणारी शब्दांची जोडी कोणती, हें पाहण्यासारखें आहे. 'शुन्यू' म्हणजे एकूण जमा आणि 'शोतोकु' म्हणजे खर्च वजा जातां राहिलेलें उत्पन्न. हिंगणघाटचा कारागीर इंग्रजी रकान्यांत जेथें अडखळतो, अगदीं तेथेंच टोकियोंतील मराठी पदवीधर अडखळतो. या दोन शब्दांना 'केइही', म्हणजे खर्च, हा तिसरा शब्द जोडला कीं पत्रकाचा गाभा उलगडूं लागतो. परकी भाषा संपूर्ण शिकण्यास वर्षें लागतात. पत्रकापुरते वीस-पंचवीस शब्द शिकण्यास दोन रविवार पुरे होतात. थोड्या अक्षरओळखीच्या माणसासाठीं याहून आशादायक गोष्ट दुसरी नाहीं.

जपानचा १९५१ सालचा करसल्लागारांविषयींचा कायदा आणखी एक विचार शिकवितो. त्या कायद्याप्रमाणें परवानाधारक करसल्लागाराखेरीज दुसऱ्या कोणी इतरांचें करपत्रक तयार करून देणें निषिद्ध आहे. मग त्यानें पैसे घेतलेले असोत वा नसोत. म्हणजे जपानी जाणणारा मित्र आपल्या देशबंधूला शब्दांचा अर्थ सांगूं शकतो, पण त्याचें पत्रक भरून देऊं शकत नाहीं. आपल्याकडे असा निर्बंध नाहीं, आणि थोड्या कमाईच्या माणसासाठीं तो नसणेंच बरें. तरीहि भरून देणें आणि वाचून दाखविणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, हा जो भेद त्या कायद्यानें सहज पुढें आणला, तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. पत्रक भरून दिल्यानें माणसाचें त्या वर्षाचें काम होतें. वाचून दाखविल्यानें तो पुढच्या वर्षीं थोडा कमी परावलंबी होतो.

हा विचार वर्ध्याला परका वाटूं नये. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेनें सात वर्षांचें शिक्षण मातृभाषेंतून आणि एखाद्या हस्तव्यवसायाच्या आधारें द्यावें असें ठरविलें होतें; त्यावरून डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें जी योजना आंखली ती पुढें नयी तालीम म्हणून प्रसिद्ध झाली. याच शहरांत मगनवाडीमध्यें अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचें काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे मूळचे लंडनमध्यें तयार झालेले हिशेबतपासनीस, आणि कोलंबिया विद्यापीठांत सरकारी जमाखर्चाचा अभ्यास केलेले अर्थपंडित होते. अशा विद्वानानें तेलघाणी, हातकागद आणि मधमाशा यांच्या गांवठी अर्थशास्त्रांत आपलें आयुष्य घातलें. हाताचें काम आणि त्याचा हिशेब हीं एकाच माणसाच्या हातीं असावींत, आणि तो हिशेब त्याच्या स्वतःच्या भाषेंत असावा, ही या दोन्ही प्रयत्नांमागची दृष्टि होती. आजच्या वीज-कारागिराच्या हातीं काम आहे; त्याचा हिशेब मात्र दुसऱ्याच्या भाषेंत आणि दुसऱ्याच्या हातीं आहे.

यावरचा पुरता उपाय सरकारच्याच हातीं आहे. पत्रकाचा प्रत्येक रकाना आणि प्रत्येक नोटीस मराठींत वाचतां यावी, नव्हे, ऐकतां यावी, हें आजच्या यंत्रांना अवघड नाहीं. प्रौढ साक्षरतेसाठीं २०२२ ते २०२७ या काळाकरितां आंखलेल्या 'उल्लास' कार्यक्रमांत अक्षरओळखीबरोबर आर्थिक आणि संगणकीय साक्षरतेचाहि समावेश केलेला आहे. त्या वर्गांत करपत्रकाचे वीस शब्द शिकविले गेले, तर त्या साक्षरतेला प्रत्यक्ष व्यवहाराची जोड मिळेल.

परंतु तोंवर सुशिक्षित कुटुंबांनीं वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. यांतील पहिलें कर्तव्य काम करवून घेणाराचें आहे. ज्यानें टीडीएस कापला त्यानें तो वेळेवर सरकारांत भरावा, कारागिराचा पॅनक्रमांक दोनदां तपासावा आणि कपातीचा दाखला मागण्याची वाट न पाहतां द्यावा. दुसरें कर्तव्य शेजाऱ्याचें. घरांतील शिकलेल्या मुलानें किंवा मुलीनें ओळखीच्या कारागिराजवळ बसून त्याचें पत्रक, मग तें कोणीहि भरलेलें असो, पाठविण्यापूर्वीं मराठींत वाचून दाखवावें. नांव बरोबर आहे काय? जमेचा आंकडा त्याच्या मनांतल्या आंकड्याशीं जुळतो काय? न केलेला विमा, न दिलेली देणगी किंवा न घेतलेलें कर्ज वजावटींत शिरलेलें नाहीं ना? कापलेला कर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकांत दिसतो तेवढाच आहे काय? बँकेचें खातें त्याचेंच आहे काय? या पांच प्रश्नांना अर्धा तासहि लागत नाहीं.

कारागिरानें स्वतः तीन गोष्टी कटाक्षानें पाळाव्या. संकेतस्थळावर नोंदविलेला मोबाइल आणि ईमेल आपला किंवा आपल्या घरच्यांचाच असावा, मध्यस्थाचा कधींहि नसावा. ओटीपी सांगण्यापूर्वीं पत्रक वाचून घ्यावें; वाचून दाखविण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊंच नये. आणि घरीं एक साधी वही असावी. तींत महिन्याच्या महिन्यास बँकेंतून किती आलें, रोख किती आलें, खर्च किती झाला आणि टीडीएस किती कापला गेला, हे चार आंकडे मराठींत लिहावे. लिहितां येत नसेल तर ते मुलांकडून लिहवून घ्यावे. वर्षअखेर याच बारा ओळी पत्रकांत उतरतात. जपानच्या निळ्या पत्रकानें ज्या संवयीला बक्षीस ठेवलें तीच ही संवय होय, आणि तिच्यासाठीं कोणत्याहि परक्या लिपीची गरज पडत नाहीं.

पहिल्या वर्षीं कारागीर नुसतें ऐकेल. दुसऱ्या वर्षीं 'हा रकाना कसला?' असें तोच विचारील. तिसऱ्या वर्षीं, पत्रक दुसऱ्यानेंच भरलें तरी, चुकलेला आंकडा तो बोट ठेवून दाखवील. त्या दिवशीं त्याला इंग्रजी आलेलें नसेल. पण त्यानें सांगितलेले ते सहा आंकडे खऱ्या अर्थानें त्याची सही झालेले असतील.